सुईच्या आधी निदान

जिना चढताना मध्येच थांबणारा, सकाळी उठण्यासाठी दोन-तीनदा धडपडणारा, फिरायला जायचा पट्टा दिसला की शेपूट हलवणारा पण जागेवरून न हलणारा म्हातारा लॅब्रॅडोर आज पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत दिसतो. पूर्वी ‘वय झालं त्याचं’ एवढे म्हणून विषय संपत असे. आता संपत नाही, आणि ते चांगलेच आहे. म्हातारपण हा आजार नव्हे, पण सांध्याची झीज हा आजार आहे आणि तो दुखतो. मग वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. काहींना त्या मानवतात. काहींचे पोट बिघडते, काहींच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले निघतात. अशा वेळी घरातले हवालदिल होतात आणि कुणीतरी ॲक्युपंक्चरचे नाव सुचवते.

कुत्र्याला सुया टोचायच्या, ही कल्पना ऐकताना विचित्र वाटते. प्रत्यक्षात सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा खूप बारीक आणि भरीव असते. बहुतेक कुत्री वीस-तीस मिनिटे निवांत पडून राहतात, काही तर चक्क झोपतात. मांजरांचे मात्र सांगता येत नाही. पण ‘त्रास होत नाही’ आणि ‘उपयोग होतो’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि या उपचाराच्या जाहिरातीत ती सर्रास एकमेकांत मिसळलेली असतात.

यामागची जुनी मांडणी म्हणजे शरीरातून वाहणारी जीवनशक्ती आणि तिच्या वाहिन्या. शरीरशास्त्राला या वाहिन्या सापडलेल्या नाहीत. जनावरांच्या बाबतीत तर गंमतच आहे. घोड्याला पित्ताशय नसते, तरी त्याच्या नकाशात ‘पित्ताशयाची वाहिनी’ दाखवलेली असते. जुन्या चिनी पशुवैद्यकाचा भर घोडे आणि गुरे यांच्यावर होता. आज कुत्र्यांवर वापरले जाणारे बरेचसे बिंदू गेल्या शतकात माणसाच्या नकाशावरून उचलून कुत्र्याच्या अंगावर बसवलेले आहेत. आपल्याकडे हा वारसा थेट शालिहोत्र-पालकाप्यांशी जोडण्याचीही हौस दिसते. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्याच आनंदाश्रमाने छापला, याचा पुणेकरांना अभिमान जरूर असावा. पण त्या ग्रंथाच्या जोरावर आजच्या सुयांचे समर्थन करणे ओढूनताणून आहे.

वाहिन्या बाजूला ठेवल्या तरी सुई टोचल्यावर शरीरात काहीच घडत नाही असे मात्र नाही. रॉनल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक फाटक असते आणि दुसऱ्या संवेदना ते काही प्रमाणात बंद करू शकतात. ठेच लागली की आपण बोट चोळतो, ते याचमुळे. २०१० मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात सुई फिरवल्यावर त्या जागी ॲडेनोसिन हे वेदना कमी करणारे द्रव्य वाढल्याचे दिसले. म्हणजे थोड्या काळापुरती वेदना कमी होणे शक्य आहे. मूत्रपिंड सुधारणे, प्रतिकारशक्ती ‘संतुलित’ होणे, अपस्मार बरा होणे हे दावे यातून निघत नाहीत.

मग दुखऱ्या कुत्र्यांवरच्या चाचण्या काय सांगतात? २००६ मध्ये पशुवैद्यकातील ॲक्युपंक्चरच्या उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष होता, की शिफारस करावी किंवा फेटाळावे, दोन्हींसाठी पुरावा अपुरा आहे. खुब्याच्या सांधेदुखीसाठी बिंदूंवर सोन्याचे कण वा तारा रोवण्याच्या दोन चाचण्या या बाबतीत बोलक्या आहेत. फिनलंडमध्ये ३८ कुत्र्यांवर झालेल्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक दिसला नाही. नॉर्वेत ८० कुत्र्यांवर झालेल्या चाचणीत दिसला. ब्राझीलमध्ये मणक्याच्या चकतीच्या गंभीर दुखण्यात विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया दिलेल्या १९ पैकी १५ कुत्र्यांना यश आले, तर केवळ शस्त्रक्रिया केलेल्या १० पैकी चौघांना. हे आकडे हुरूप देणारे आहेत खरे. पण त्यात काही नोंदी जुन्या होत्या आणि कुत्र्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे मूळचे रुग्ण सारखेच होते असे मानता येत नाही.

‘पण आमच्या कुत्र्याला फरक पडला ना!’ हा युक्तिवाद यावर हमखास येतो. कुत्र्याला कुठे माहीत असते की हा उपचार आहे, मग मनाचा खेळ कसा असेल? खेळ कुत्र्याच्या मनाचा नसतो, पाहणाऱ्याच्या मनाचा असतो. २०१२ मध्ये अमेरिकेत खोटे औषध मिळालेल्या ५८ लंगड्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाय किती जोराने टेकतो हे मोजणाऱ्या पट्टीवर प्रगती दिसत नसतानाही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना ती दिसली. पशुवैद्यकही या मोहातून सुटले नव्हते. शिवाय सांधेदुखी आपोआप कमी-जास्त होते आणि माणूस उपचाराला जातो तो ती जास्त असताना. पुढच्या आठवड्यात थोडे बरे वाटणारच असते. त्याचे श्रेय सुईला मिळते.

तरीही सुयांवर बंदी घाला, असे म्हणणे टोकाचे होईल. गोळ्या झेपत नाहीत, भूल देणे धोक्याचे आहे, अशा म्हाताऱ्या जनावरासाठी जाणत्या पशुवैद्यकाने हा पूरक उपाय करून पाहिला तर हरकत नाही. अडचण ‘पूरक’ हा शब्द गळून पडतो तेव्हा होते. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे लंगडणे सांध्याचे असेल असे धरून महिनाभर सुया घ्यायच्या आणि मग एक्स-रेत हाडाचा कर्करोग निघायचा, हा महिना परत मिळत नाही. पुण्यात गोचिडतापाचा त्रासही कमी नाही. त्यात सांधे दुखू शकतात आणि रक्तातल्या प्लेटलेटही घसरतात. प्लेटलेट घसरलेल्या जनावराला सुया टोचणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. म्हणून रक्ततपासणी आणि एक्स-रे आधी, सुई नंतर.

टोचणारा कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजयकुमार बसू पुढे ही विद्या शिकून आले आणि १९५९ मध्ये त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. आपल्या राज्याने ॲक्युपंक्चरसाठी ‘२०१५ चा अधिनियम’ केला, त्यासाठी परिषद आली, नोंदणी आली. पण ही सारी व्यवस्था माणसांवरच्या उपचारांसाठी आहे. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकालाच दिला आहे. माणसांना सुया टोचण्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणी घरी येऊन कुत्र्याला सुया टोचत असेल, तर ते प्रमाणपत्र तिथे कामाचे नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पशुवैद्यकाची पदवी म्हणजे ॲक्युपंक्चरचे प्रशिक्षण नव्हे. ते कुठे घेतले, हे विचारण्यात संकोच कसला?

पैशांचा विचारही हवा. एका बैठकीने भागत नाही, सहसा आठवड्याला एक अशा चार-सहा होतात आणि पुढेही चालू राहतात. त्याआधी करण्यासारखी, जवळजवळ फुकटची गोष्ट म्हणजे वजन. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोरांचा आयुष्यभर अभ्यास झाला. त्यात जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी सुमारे पावणेदोन वर्षे जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. सुयांना इतका भक्कम आकडा अजून मिळालेला नाही. पण चहाबरोबरचे बिस्किट बंद करायला घरातल्या आजोबांना राजी करण्यापेक्षा सुयांची वेळ ठरवणे सोपे जाते, हेही खरेच. गुळगुळीत फरशीवर जाजम टाकणे, नखे वेळेवर कापणे, गाडीत चढायला उतरती फळी लावणे यांनाही कुणी उपचार म्हणत नाही, म्हणून ते मागे पडतात. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मात्र जनावराला मनानेच देऊ नये. मांजरासाठी एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

सुया सुरू करायच्याच असतील तर पहिल्या दिवशी कुत्र्याच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. तोच रस्ता, तीच वेळ, तोच पट्टा. किती पायऱ्या न थांबता चढला, रात्री किती वेळा उठला, हे वहीत लिहावे. त्या काळात गोळी किंवा खाणे बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. चौथ्या बैठकीनंतर दोन्ही व्हिडिओ घरात न राहणाऱ्या एखाद्याला दाखवावेत, कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे न सांगता. त्याला ओळखता आले नाही, तर पाचवी बैठक ठरवू नये.