कुंपणाचा मक्ता फुटावर देऊं नये

रब्बीचीं खळीं उरकलीं कीं तारेच्या कुंपणाचे मक्तेदार गांवोगांव हिंडूं लागतात. रानडुकरें व रोही यांनीं ज्याचें उभें पीक एका रात्रींत तुडविलें असेल त्यास कुंपणाची आवश्यकता पटवून देण्याचें कारण नाहीं. परंतु हा मक्ता ज्या रीतीनें आपण देतों ती मुळांतच चुकीची आहे असें आमचें मत झालें आहे, आणि तें बनण्यास आमचेच पैसे खर्च झाले आहेत.

सर्वत्र दर ठरतो तो धांवत्या फुटावर. आतां एक एकराचा चौरस तुकडा घ्या. त्याच्या भोंवतीं सुमारें ८३५ फूट कुंपण लागतें; दहा फुटांस एक खांब धरिला तर ८४ खांब होतात. त्यांपैकीं कोपऱ्याचे चारच. मधल्या ८० खांबांचें काम तारा जागच्या जागीं धरून ठेवण्याचें. सगळी ओढ येते ती त्या चारांवर, आणि तीहि दोन दोन बाजूंनीं. परंतु फुटांच्या हिशेबांत कोपऱ्यास वेगळी किंमत नसते. तेथील खड्डा दोन फूट खणला काय किंवा साडेतीन फूट खणला काय, मक्तेदाराच्या पदरांत पडावयाचें तेंच. मग त्यानें खोल कां खणावें?

जाणता कारागीर कामाचा आरंभ कोपऱ्यापासून करितो. काळ्या जमिनींत तो खड्डा शक्य तर मुरमापर्यंत नेतो, कारण ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते व उथळ खांबास हलवून सोडते. खांबाच्या बुडाशीं काँक्रीट भरून त्यास निदान सात दिवस पाणी पाजतो. तोंवर तारेस हात लावीत नाहीं. प्रत्येक कोपऱ्यास तो दोन तिरपे टेकू देतो, दोन्ही बाजूंच्या तारांच्या रेषेंत एकेक, व टेकूच्या पायाखालीं सपाट दगड बसवितो. टेकू लांब व निजता हवा. आंखूड आणि उभा टेकू खांबास आधार देण्याऐवजीं वर उचलूं लागतो. एवढें झाल्यावर दोन कोपऱ्यांमध्यें दोरी ताणून मधले खांब, व सर्वांत शेवटीं तारा. तारा यंत्रानें या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ओढावयाच्या असतात. मधल्या खांबांशीं त्या आवळून टाकूं नयेत. उन्हानें तार वाढते, थंडीनें आखडते, तिला सरकण्यापुरता वाव हवा. डुकरांचा त्रास असेल तर नुसत्या पांच तारांवर विसंबूं नये. खालच्या बाजूस जाळी लावावी लागते.

आमच्या शेतावर आलेल्या मंडळींनीं सायंकाळीं कोपरे भरले आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तारा ओढल्या. काम दोन दिवसांत उरकलें म्हणून आम्हीं खुशीनें चहा पाजला! श्रावणांत ओढ्याकडचा कोपरा आंत कलला, तारा झोळीसारख्या लोंबूं लागल्या व शेजारच्या म्हशी माना घालून ज्वारी खाऊं लागल्या. मक्तेदारास बोलाविलें तेव्हां तो म्हणाला, "रावसाहेब, सौदा फुटावर झाला होता. कोपऱ्याबद्दल कागदांत कांहीं लिहिलें होतें काय?" नव्हतें. सारी हयात दुसऱ्यांचे कागद तपासण्यांत घालविलेल्या माणसास हें ऐकून घ्यावें लागलें.

कागदाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. मक्तेदार तुम्ही दाखवाल त्या रेषेवर खांब रोवतो. हद्द कोठली हें पाहणें त्याचें काम नव्हे. बांध तर वर्षानुवर्षें नांगरानें सरकत आलेला असतो. नोकरींत असतां आम्हीं असें एक प्रकरण पाहिलें कीं, कुंपण पुरें झाल्यावर शेजाऱ्यानें मोजणी आणविली आणि एका बाजूचे सगळे खांब काँक्रीटसुद्धां उपटावे लागले. म्हणून आधीं फी भरून भूमि अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, 'क' प्रत हातीं ठेवावी, व खुणांवर खांब घालतांना शेजाऱ्यास उभें करावें. बांधावरून कोणाची वहिवाटीची वाट असेल तर ती मोकळी सोडावी. नाहीं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४३ खालीं किंवा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, याच्या कलम ५ खालीं तहसीलदारांपुढें उभें राहण्याची पाळी येते.

मक्ता द्यावयाचा तो असा: कोपऱ्याच्या व फाटकाच्या खांबांचा दर नगावर, वेगळा; खड्ड्याची खोली व टेकूंची संख्या लेखी; खड्डे भरण्यापूर्वीं मालकानें स्वतः काठी घालून पाहावें; आणि चौथा हिस्सा रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. चांगले मक्तेदार यास नाहीं म्हणत नाहींत, दर मात्र थोडा चढा सांगतात. तो द्यावा.

ज्यांच्या जमिनी लांबट पट्ट्या आहेत त्यांचा खर्च आणखी जड. ६६ फूट रुंद व ६६० फूट लांब पट्टी भरते एकच एकर, पण कुंपण लागतें १४५२ फूट. अशा चार लगतच्या पट्ट्यांस एकच कुंपण घातलें तर १८४८ फुटांत काम होतें. वेगवेगळें घातल्यास ५८०८ फूट. आमच्या शिवारांत चौघां भावकीकडे ही गोष्ट आम्हीं काढली आहे. दोघे कबूल आहेत, तिसऱ्याचा मुलगा पुण्याहून यावयाचा आहे, आणि चौथ्याचें म्हणणें पडलें आहे कीं आधीं मोजणी.