सुट्टीला माणसे हवीत

'सुट्टी' हा शब्द लहान मुलाच्या तोंडी आला की त्यात आनंद असतो. तोच मोठ्या माणसाच्या तोंडी आला की त्यात काळजी असते. मार्च सरत येतो, शाळांच्या परीक्षांचे वेळापत्रक लागते आणि आमच्या शहरातल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "आता दीड महिना या कार्ट्यांचे करायचे काय?" जणू सुट्टी म्हणजे अंगावर कोसळलेले संकटच! मग त्यावर तोडगा म्हणून सकाळी पोहण्याचा वर्ग, दुपारी हस्ताक्षराचा, संध्याकाळी नृत्याचा. एवढे करून उरलेला वेळ मोबाईलच्या हवाली. शाळा सुटते, पण घंटा काही सुटत नाही.

या शिबिरांवर माझा राग नाही. आईवडील दोघेही नोकरीला जात असतील, घर दोन खोल्यांचे असेल, तर त्यांनी मुलांना कोठेतरी गुंतवावे यात गैर काय? माझे म्हणणे एवढेच, की मुलांना सुट्टीत कार्यक्रमांपेक्षा माणसांची गरज अधिक असते. सुट्टी मुलांना मिळते. सुट्टीत सोबत करणारी माणसे मिळत नाहीत. खरे दुखणे येथे आहे.

येथे कोणी म्हणेल, "पूर्वी बघा कसे आजोळ होते!" होते खरे. आंबे होते, विहीर होती, माळवदावर ओळीने अंथरुणे होती. परंतु त्या आजोळच्या वर्णनात एक व्यक्ती नेहमी राहून जाते. पंधरा मुलांच्या भाकरी पहाटेपासून थापणारी मामी! मामाच्या घरची मौज मामीच्या कंबरेवर उभी होती. आज मामी नोकरीला जाते, आणि जात नसली तरी मे महिन्यात तिला विसावा नको असे कोण म्हणेल? म्हणून जुने दिवस परत आणा, असे मी म्हणणार नाही. मुलांची सुट्टी गोड करण्याचे काम एकट्या बाईच्या गळ्यात न घालता घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावे, असे म्हणेन.

'सर्वांनी' म्हटल्यावर आपण महाविद्यालयीन विद्यार्थी नामानिराळे राहू शकत नाही. आपली परीक्षा संपते तेव्हा आपणही घरीच असतो. आपण कोणाचा दादा, कोणाची ताई, कोणाचा काका, कोणाची मावशी असतो. मुलांना आईबापांपेक्षा ही मधली पिढी अधिक आवडते, कारण ती मोठी असूनही रागावत नाही. ही शहाणी, धट्टीकट्टी आणि रिकामी फौज घरात असताना मुलांचा प्रश्न पडावा, हे नवलच नव्हे काय?

करायचे काय, हा प्रश्न तर मुळीच अवघड नाही. मराठवाड्याच्या उन्हात दुपारी बारा ते पाच मुलांना बाहेर सोडता येत नाही. पण घर काही रिकामे नसते. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले असतात. तीन दिवसांनी ते वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घालायच्या. यात मुलांचे हक्काचे काम म्हणजे कावळे-चिमण्या हाकणे, आणि हक्काची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक! पापडांच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्या. कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम दिले तर मुले निम्मे अंगावर घेतील, घेऊ द्यावे. चिंचोके दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी केली की फासे तयार होतात. फरशीवर खडूने घर आखले की अष्टाचंग सुरू. पत्त्यांचा जोड असेल तर झब्बू, बदामसात, पाच-तीन-दोन. त्यात भांडणे होतात, आणि ती मिटतातही. या गोष्टींतून काही 'शिकवण्याचा' मोह मात्र आवरावा. चीक खाणाऱ्या मुलाला स्टार्च म्हणजे काय हे जूनमध्ये सांगितले तरी चालेल.

उन्हे उतरली की शहर आहेच. परदेशातून माणसे खर्च करून आपले शहर पाहायला येतात, आणि येथली कितीतरी मुले ते शाळेच्या बसच्या खिडकीतून पाहतात. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकीत वसवलेले, पुढे औरंगाबाद झालेले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे हे गाव बावन्न दरवाजांचे म्हणवते. आज किती दरवाजे उभे आहेत, हे मुलांना रोज थोडे थोडे फिरून मोजू द्यावे. पाणचक्कीला पाण्याच्या जोरावर जाते फिरवून धान्य दळत, ही युक्ती दाखवावी. आझमशहाने आपल्या आईसाठी बांधवलेला मकबरा आणि त्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी एका सकाळीत होतात. पुरातत्त्व खात्याच्या अशा ठिकाणी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. सातव्या लेण्यात नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. तेथे व्याख्यान देऊ नये. मुले आपणहून वाद्ये ओळखू लागतात.

परंतु हे सारे लिहिताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. सर्व मुलांची सुट्टी सारखी नसते. आपल्या मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. कारखान्यांचा पट्टा पडतो तो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे गावात मागे राहिलेल्या लेकराला उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे 'आई घरी आली' एवढाच अर्थ. त्याला शिबिर नको, सहल नको. चुलीपुढे आई बसलेली दिसली की त्याची सुट्टी झाली! मुलांना घरात अडकून कंटाळा येतो अशी तक्रार करणाऱ्यांनी या मुलांकडे एकदा पाहावे.

दुसरे उदाहरण तर आपल्या शहरातलेच. २०१९ च्या टंचाईत मुकुंदवाडीतली लहान मुले घागरी आणि डबे घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जात आणि पाणी भरून परत येत. शेजारच्या पैठणला नाथसागरासारखा जलाशय असलेल्या शहरात हे घडले. ज्या वयात पाणी अंगावर उडवायचे, त्या वयात त्यांनी ते थेंब न सांडता वाहिले.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क मानते, आणि १९९२ मध्ये भारतानेही ही संहिता मान्य केली. हक्क कागदावर आहे. तो अंगणात उतरवायचा तर पाण्याचा नळ, आईबापांना गावात काम आणि घरात सवड असलेली माणसे, तिन्ही हवीत. पहिल्या दोन गोष्टी राज्यकर्त्यांकडून मागून घ्याव्या लागतील, आणि त्या मागितल्याच पाहिजेत. तिसरी मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या ग्रंथालयाचा एक कोपरा मे महिन्यात रोज संध्याकाळी एक तास जवळच्या वस्तीतल्या मुलांसाठी उघडा ठेवावा. थंड पाण्याचा माठ, गोष्टींची पुस्तके, पत्त्यांचे दोन जोड आणि पाळीपाळीने बसणारे आपण चार-पाच जण, एवढे पुरे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना हे जड नाही, आणि प्राध्यापक महोदयांनी मनावर घेतले तर परवानगीही अवघड नाही. त्याला उद्घाटन नको, प्रमाणपत्र नको, समारोप तर नकोच.

आणि तेही जमले नाही, तर निदान आपल्या घरी अष्टाचंगाचा डाव मांडून बसावे. धाकट्यांना चौथा गडी नेहमीच हवा असतो.