तसबीर उतरत नाही!

माओ त्से-तुंग 9 सप्टेंबर 1976 रोजी निवर्तले. पुढे त्यांचे कम्यून मोडले, त्यांच्या पत्नीस तुरुंगात जावे लागले, त्यांनी ज्यांना दोनदा पदच्युत केले होते त्या डेंग शिआओ-पिंग यांच्या हाती सत्ता गेली आणि ज्या भांडवलाच्या नावाने त्यांनी जन्मभर बोटे मोडली त्याचीच चीनमध्ये भरभराट झाली. इतकी उलथापालथ होऊनही बीजिंगच्या तिएनआनमेन दरवाजावरील त्यांची तसबीर मात्र उतरलेली नाही. असे का व्हावे?

रशियाकडे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. 1956 साली ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनच्या पापांचा पाढा वाचला आणि 1961 साली त्याचे शव लेनिनच्या शेजारून हलविण्यात आले. हे धाडस रशियन पक्षास परवडले, कारण स्टालिन गेला तरी लेनिन शिल्लक होता. चिनी पक्षाच्या देव्हाऱ्यात दुसरी मूर्तीच नाही! म्हणून 1981 साली पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तडजोडीचा ठराव केला. सांस्कृतिक क्रांती ही घोर चूक होती व तिची मुख्य जबाबदारी माओंकडे जाते, हे तिने मान्य केले. तथापि त्यांचे कार्य मोठे आणि चुका दुय्यम, असा निवाडाही देऊन टाकला. सावकाराच्या खतावणीत शोभावा असाच हा जमाखर्च नव्हे काय? त्यातील खर्चाच्या बाजूस माणसे होती. 1958 मध्ये आरंभिलेल्या 'मोठ्या झेपे'पायी जो दुष्काळ पडला, त्यातील मृतांचा आकडा अभ्यासक दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत धरतात. यांग जिशेंग या चिनी पत्रकाराने या दुष्काळावर महाग्रंथ लिहिला व त्यास थडग्यावरील शिळेचे नाव दिले. त्याचे स्वतःचे वडील त्या दुष्काळात भुकेने गेले होते. 2008 साली तो हाँगकाँगमध्ये निघाला. चीनच्या मुख्य भूमीवर त्यास बंदी आहे. एका मृतासाठी भव्य समाधिमंदिर आणि कोट्यवधींसाठी एक पुस्तक, तेही निषिद्ध!

नोटांची कथा याहून बोलकी आहे. 1980 च्या दशकात चलनात आलेल्या शंभर युआनच्या नोटेवर चार नेत्यांच्या मुद्रा होत्या. त्यांत माओ होते आणि लिऊ शाओ-ची हेही होते. सांस्कृतिक क्रांतीत ज्यांचा अनन्वित छळ झाला व जे 1969 साली कैदेतच मरण पावले, तेच हे लिऊ. छळणारा आणि छळला गेलेला एकाच कागदावर! पण 1999 पासून निघालेल्या नोटांवर माओ एकटेच राहिले.

भक्तीच्या या लाटेत पूर्वी काय काय वाहून आले, हे आंबेप्रिय महाराष्ट्राने ऐकण्याजोगे आहे. 1968 साली पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माओंना आंबे नजर केले. माओंनी ते कामगारांकडे धाडले. झाले! मेणाचे आंबे काचेच्या पेटीत विराजमान झाले, त्यांच्या मिरवणुका निघाल्या. एका कारखान्यात खरा आंबा सडू लागला तेव्हा तो उकळून ते पाणी कामगारांनी चमचा चमचा तीर्थासारखे घेतले, असे माओंच्या वैद्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

आणि तरीही आजची माओभक्ती केवळ सरकारी आज्ञेने टिकली आहे असे आम्ही मानीत नाही. 1990 च्या दशकात सरकारी कारखान्यांतून लक्षावधी कामगार निघाले. त्यांस माओंचा काळ आठवला, तो निदान भाकरीच्या हमीसाठी. टॅक्सीचालकांनी त्यांचे चित्र गाडीत टांगले, तेही आपल्याकडील गणपतीप्रमाणे, अपघातापासून रक्षणार्थ! न्यूयॉर्कचा चित्रकार वॉरहॉल याने तर 1970 च्या दशकारंभीच या मुखवट्याची बाजारी वस्तू करून टाकली होती.

आपणही दूर बसून हसण्याचे कारण नाही. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या निधनावर 1942 साली माओंनी शोक व्यक्त केला होता. त्यांच्याच नावाने चाललेल्या बंदुकांनी गडचिरोलीत आदिवासी आणि पोलीस दोघांचेही रक्त सांडले आहे.

मे 1989 मध्ये, तिएनआनमेन चौकात लोकशाहीसाठी हजारो विद्यार्थी बसले असता, माओंच्याच हुनान प्रांतातील तीन तरुणांनी त्या तसबिरीवर रंग भरलेली अंडी फेकली. त्यांना धरून पोलिसांच्या स्वाधीन केले ते आंदोलक विद्यार्थ्यांनीच! एकास जन्मठेप झाली, दुसऱ्यास वीस वर्षे, तिसऱ्यास सोळा. तसबीर तत्काळ बदलण्यात आली.