पाहुण्याचे ‘नको’

गेल्या लग्नसराईत जळगावजवळ एका नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. नवऱ्या मुलाचा पुण्यातला एक सहकारी माझ्या शेजारी बसला होता. मांडवात शिरतानाच त्याने यजमानांना सांगितले होते, ‘मी व्हिगन आहे.’ यजमान मनमोकळे गृहस्थ. म्हणाले, ‘काही काळजी करू नका, आपल्याकडे सगळे शुद्ध शाकाहारीच आहे.’ मग ताट आले. त्यात पनीरची भाजी, कढी, तुपात भिजलेली बट्टी आणि बासुंदी होती. बिचाऱ्याने भात, शेवभाजी आणि लोणच्यावर भागवले. वरण तरी चालेल म्हणून मी आचाऱ्याला विचारून आलो. तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘दूध अजिबात नाही साहेब, नुसती तुपाची फोडणी आहे.’

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे शाकाहारी म्हणजे मांस, मासे, अंडी न खाणारा. दूध-तूप हे त्यात गृहीतच असते, किंबहुना ते सात्त्विक अन्न मानले जाते. व्हिगन माणूस दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध असे प्राण्यापासून आलेले काहीच घेत नाही. हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी रूढ केला. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून अनेकांची गफलत होते. त्या ठिपक्यात दूध आणि मध चालतो. व्हिगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये वेगळे नियम केले आणि वेगळे चिन्ह दिले. लग्नाच्या कढईवर मात्र कोणतेच चिन्ह नसते. तिथे आचाऱ्याचा शब्द हेच लेबल.

गंमत अशी, की या पाहुण्याला जेवू घालायला खान्देशाइतकी सोपी जागा नाही. हिवाळ्यातली भरीत पार्टीच बघा. आसोदे, बामणोदकडची ती मोठी हिरवी वांगी. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतात कपाशीच्या काड्यांवर ती भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, शेंगदाण्याच्या तेलात कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप घालून परतायची. सोबत कळण्याची भाकरी. या सगळ्यात दुधाचा थेंब नाही. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेले कळणे तर आहारशास्त्राच्या पुस्तकात धडा म्हणून घालावे असे आहे. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्यांनी हे शब्द ऐकले नव्हते, पण जात्यात घालायचे काय ते त्यांना ठाऊक होते. डाळीच्या पिठाचे डुबुकवडे, पाटोडीचा रस्सा, आंबाडीची भाजी, ठेचा, बिबडे, धुळ्या-जळगावच्या रस्त्यावरची शेवभाजी, असे सगळे व्हिगन पाहुण्याला चालते. (शेवभाजीवरच्या तर्रीबद्दल हृदयरोग्यांशी मी वेगळे बोलतो.) पंगतीत अडचण होते ती आपण प्रतिष्ठेसाठी बाहेरून आणलेल्या पदार्थांची. पनीर, मलईची ग्रेव्ही, दही घालून मळलेले नान, दोन-दोन दुधाच्या मिठाया. भरीत-भाकरी लग्नात ‘शोभत नाही’ म्हणून आपण ती हुरड्यासारखी शेतावर ठेवली.

पण भरीत केले म्हणजे सगळ्यांची सोय झाली, असेही नाही. जळगाव, धुळ्यात जैन समाज मोठा आहे. काटेकोर पाळणारे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा खात नाहीत हे बहुतेकांना माहीत असते; पण पुष्कळ बियांमुळे वांगेही अनेकांना वर्ज्य असते, हे यजमानांच्या लक्षात येत नाही. म्हणजे व्हिगन पाहुण्याला चालणारे आपले सर्वात उत्तम पक्वान्न जैन पाहुण्याला चालत नाही, आणि जैन पाहुण्यासाठी केलेली पनीरची भाजी व्हिगन पाहुण्याला चालत नाही. चातुर्मासात तर कांदा, लसूण, वांगी सोडणारी घरे इतर समाजांतही आहेत, ती चंपाषष्ठीला भरीताचा नैवेद्य दाखवूनच वांगे खायला घेतात. उलट दूध-तुपाविना स्वयंपाक आपल्या आचाऱ्यांना नवा आहे असेही नाही. जैनांच्या आयंबिल ओळीत नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गूळ, साखर यांच्याशिवाय एक वेळचे जेवण असते. ते रांधणारे हात याच गावांत आहेत. त्यांना व्हिगन शब्द कळला नाही तरी ‘आयंबिलसारखे दूध-तूप नाही, पण तेल-मसाला चालेल’ एवढे सांगितले की पुरते.

एवढ्यावर हा विषय शिष्टाचाराचा राहिला असता, तर मी या सदरात लिहिला नसता. काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास सहा-सात वर्षांचा एक मुलगा लग्नातून थेट आमच्या अपघात विभागात आला. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, छातीत घरघर. त्याला दुधाची ॲलर्जी होती आणि आईला ते माहीत होते. तिने वाढप्याला दोनदा विचारले होते, भाजीत दूध आहे का? तो नाही म्हणाला. रस्सा दाट करायला दुधाची पावडर घातली होती, हे त्याला माहीतच नव्हते. ॲड्रेनालिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले, मुलगा सकाळी घरी गेला. रस्त्यात आणखी अर्धा तास गेला असता तर काय झाले असते, हे मी त्या आईला सांगितले नाही.

‘दूध नको’ हे तीन वेगवेगळी माणसे म्हणतात. एक व्हिगन. त्याच्या भाजीत चमचाभर तूप गेले तर त्याच्या प्रकृतीला काही होणार नाही, पण तुम्ही त्याला फसवले हे मात्र खरे. दुसरा, ज्याला दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचत नाही. त्याला दूध-बासुंदीने पोट फुगते, जुलाब होतात. दही बऱ्याचदा सोसते आणि तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच. तिसरा, ज्याला दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी आहे. त्याला त्याच डावाने वाढलेली भाजीही महागात पडू शकते. पंगतीत तिघांचे वाक्य एकच असते. म्हणून ‘थोडेसे चालते हो’ असे परस्पर ठरवण्याचा अधिकार वाढणाऱ्याला नाही.

आणि व्हिगन म्हणजे ॲलर्जीपासून सुरक्षित, हा दुसरा गैरसमज. दूध काढले की दाटपणासाठी काजू, बदाम, सोयाबीन, शेंगदाण्याचा कूट येतो. खान्देशात तर कूट कशात नाही हे विचारावे लागेल. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे पाश्चात्त्य देशांइतकी सर्रास दिसत नाही. पण ज्याला आहे त्याच्यासाठी ती तितकीच घातक. त्याने घाण्याच्या तेलापासूनही सावध राहावे, कारण रिफाइंड तेलात न उरणारे प्रथिन त्यात उरते. जेवताना किंवा जेवल्यावर लगेच ओठ-जीभ सुजली, गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर लिंबूपाणी देत बसू नका. माणसाला आडवे करा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, 108 ला फोन करा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात न्या.

आता आग्रहाबद्दल. आग्रह हे आपले भूषण आहे, मी त्याच्याविरुद्ध नाही. मीही आग्रहाने पुरणपोळ्या खाऊन वाढलो. पण ‘एक घास माझ्या हातचा’ म्हणताना समोरच्याला कारण सांगायला भाग पाडले जाते. मधुमेही माणूस चारचौघांत आजार सांगत नाही, तो मुकाट्याने गुलाबजाम घेतो. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला पोटॅशियममुळे केळी मोजून खायला सांगितलेली असतात, आणि केळीच्या जिल्ह्यात केळे नाकारणे किती कठीण ते मी पाहिले आहे. सून व्हिगन आहे म्हणून चार बायकांसमोर तिची चेष्टा होताना मी ऐकली आहे. पहिल्या ‘नको’ला ‘बरं, मग काय वाढू?’ एवढेच विचारले तरी आग्रह होतोच.

यजमानाने करायचे ते थोडेच आहे. आमंत्रणाच्या फोनवरच विचारावे, कोणाला काही वर्ज्य आहे का. आचाऱ्याला ‘व्हिगन’ किंवा ‘जैन’ असे नुसते नाव न सांगता काय घालायचे नाही ते सांगावे. आणि स्वयंपाक सुरू होण्याआधी सांगावे, पंगत बसल्यावर नाही. वरण आणि भाजी तुपाची फोडणी पडण्यापूर्वी बाजूला काढली की निम्मे काम झाले. डाव वेगळा ठेवावा. पुऱ्या-भज्यांची कढई एकच असेल तर तसे खरे सांगावे. बुफेत प्रत्येक पदार्थासमोर ‘दूध/तूप आहे’, ‘शेंगदाणा आहे’ एवढी मराठीतली चिठ्ठी लावायला किती खर्च येतो?

एक धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन-तीन पाहुण्यांसाठी वेगळा केलेला छोटा डबा बहुधा सर्वात आधी, सकाळीच तयार होतो आणि कोपऱ्यात झाकून पडून राहतो. मोठ्या कढया शेगडीवर उकळत असतात, हा डबा मात्र कोमट. मे महिन्याच्या खान्देशी उन्हात शिजवलेला भात, डाळ अशा कोमट अवस्थेत तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. जंतू तिथेच वाढतात. विशेष पाहुण्याला विशेष म्हणून जुलाब व्हावेत, हे काही बरे नव्हे. वेगळे अन्न शेवटी शिजवा, नाहीतर वाफाळते ठेवा.

पाहुणा दोन दिवसांनी परत जातो. घरातच कोणी व्हिगन असेल, तर डॉक्टर म्हणून मला त्याला एक प्रश्न विचारावा लागतो: बी-12 घेता का? हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी कणभर. यकृतात साठाही काही वर्षांचा असतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग पायाला मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा, थकवा. नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारलेले दिसते आणि नसा मात्र बिघडत राहतात. दूध पिणारे शाकाहारीही यातून सुटलेले नाहीत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-12 कमी आढळले होते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या व्हिगन आईत ही कमतरता राहिली, तर बाळ सुस्त होते, शिकलेले विसरते, कधी थरथरू लागते. यावरचा उपाय म्हणजे बी-12 ची साधी, स्वस्त गोळी. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावी, बळजबरीने दूध पाजण्याची गरज नाही.

औषधांचेही तसेच. बहुतेक कॅप्सूलचे वेष्टन प्राणिजन्य जिलेटिनचे असते, पुष्कळ गोळ्यांत लॅक्टोज असते, आणि ड जीवनसत्त्वाचा नेहमीचा प्रकार मेंढीच्या लोकरीतल्या मेदापासून बनतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी तपासणीच्या वेळीच सांगावे. अनेकदा दुसरी गोळी किंवा पातळ औषध मिळते. आणि जिथे मिळत नाही तिथे, गुपचूप औषध बंद करण्याआधी, निदान एकदा आम्हाला विचारावे.