सरपण फुकट नसतं

"सरपण फुकट मिळतं, मग बायका गॅस कशाला भरतील?" हे वाक्य मी आमच्या तालुक्यात सरकारी बैठकांत ऐकलंय, चहाच्या टपरीवर ऐकलंय. बोलणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्याने मोळी कधी डोक्यावर घेतलेली नसते.

हे 'फुकट' काय असतं ते बघा. बांधावरची बाभूळ पाडायला आता कटर मशीन येतं. खोड आणि जाड फांद्या व्यापारी टेम्पोत भरून नेतो. तासाभरात पुरुषांचं काम संपतं, बाईचं तिथून सुरू होतं. मागे पडलेल्या काटेरी फांद्या ओढायच्या, कोयत्याने काटे काढायचे, चुलीच्या मापाचे तुकडे करायचे. बाभूळ ओली असतानाच फोडून घ्यावी लागते, वाळली की कुऱ्हाड उसळते. जाळायची मात्र पूर्ण वाळल्यावरच, कारण ओल्या लाकडाची काही धग स्वतःतलं पाणी उडवण्यातच जाते, घरात नुसता धूर. म्हणून उन्हाळाभर वाळवायचं आणि मृगाच्या आत पडवीत रचायचं, वाळवी लागू नये म्हणून खाली दगड घालून. पावसाळ्यात त्याच ढिगात हात घालताना विंचवाची भीती वेगळीच.

हे ज्यांना बांध आहे त्यांचं. ज्यांना तेही नाही त्या गायरानात, कॅनॉलच्या कडेला वेडी बाभूळ तोडत हिंडतात. चुंबळीवर मोळी, वरून शेतमालकाच्या शिव्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडे यात वाघ धरा. वनहक्क कायद्याने, 2006 च्या, झुडपी लाकूड आणि खुंट हे गौण वनोपज मानलंय. पण हे त्या बाईला कुणी सांगितलंय का?

कापूस पट्ट्यातली गंमत तर अजून निराळी. (गंमत कसली, पण असो.) कृषी विभाग सांगतो, पऱ्हाट्या साठवू नका, उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण त्याच पऱ्हाट्यांवर ज्या घराची चूल चालते, तिथे बदल्यात काय पेटवायचं याचं उत्तर कुठल्याच पत्रकात नसतं. चूल हा कृषी विभागाचा विषयच नाही ना!

आता उज्ज्वला. 1 मे 2016 ला बलियात योजना सुरू झाली, आठ कोटीवं कनेक्शन 7 सप्टेंबर 2019 ला आपल्या औरंगाबादेत दिलं गेलं. योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. गॅसवर चहा होतो, पोरांचा डबा होतो, ती सकाळ त्या बाईला विचारा. पण आपण कनेक्शन मोजतो, भरलेल्या टाक्या मोजत नाही. टाकीला 300 रुपये अनुदान आहे, पण ते नंतर खात्यावर येतं, आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात. शिवाय वर्षाला 12 टाक्यांवर मिळणारं हे अनुदान 2025-26 साठी 9 वर आणलं. ज्या घरात मजुरी आठवड्याच्या बाजाराला हातात येते आणि तिथेच संपते, तिथे 14.2 किलोच्या टाकीचे पैसे एकरकमी काढणार कुठून? मग बाई हिशेब करते. पैसे नाहीत, अंग आहे. ती कोयता घेते. आणि आपण म्हणतो, यांना सवयच नाही गॅसची.

पाच किलोच्या टाकीचा पर्याय उज्ज्वलात कागदावर आहे. ती गावातच, रेशन दुकानाशेजारी, अनुदान वजा करूनच मिळाली तर किती मोळ्या वाचतील ते करून तरी बघा. आमदार-खासदारांना माझा एवढाच प्रश्न आहे, आणि तो मी छापूनही विचारणार आहे.

तुमच्या गावात पाच किलोची टाकी मिळते का? गावाच्या नावासकट लिहा. आणि लिहिण्याआधी घरातल्या बाईला विचारून घ्या.