रात्रीचा दिवा आणि रक्तदाबाचा रकाना

नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरील आमच्या वडनेरात शेतकऱ्याच्या घराला सूर्योदयापूर्वीच जाग येते. माझी वृद्ध आत्या अशाच एका पहाटे, वीज गेलेली असताना, बाजेवरून लगबगीने उठली, चार पावले चालली आणि माजघराच्या उंबऱ्याशी कोसळली, मनगट मोडले. तिच्या उशाशी असलेल्या दवाखान्याच्या कागदावर रक्तदाब आटोक्यात असल्याची नोंद होती. ती नोंद खोटी नव्हती. परंतु ती खुर्चीवर स्वस्थ बसलेल्या आत्याची होती, आणि पडली ती अंधारात उठून उभी राहिलेली आत्या.

मनुष्य उभा राहताच सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय व उदर यांकडे उतरते, हृदयाकडे परतणारा ओघ क्षीण होतो, आणि मेंदूचा पुरवठा टिकविण्यासाठी शरीराला तत्काळ तजवीज करावी लागते. मानेतील व हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांतील संवेदक या कामी काय करतात याचा उलगडा करणाऱ्या कोर्नेय हेमन्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हे पहारेकरी वर्दी देतात ती दाब उतरू लागल्यावर. आणि त्याआधीच सावध होणारे एक इंद्रिय आपल्या कानाच्या अंतर्भागात आहे. तेथील सूक्ष्म चुनखडी स्फटिक मस्तक कलताच सरकतात, त्याची वार्ता मेंदूच्या मुळाशी पोहोचते, आणि तेथून सुटलेल्या आज्ञेने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तोल सांभाळणारे इंद्रिय असे रक्तदाबाचाही भार वाहते.

यात नेत्रांचा वाटा कोणता? पिट्सबर्ग येथील संशोधकांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अंतर्कर्णाचे तोलेंद्रिय निकामी झाल्यावर शरीर उभे कलते करताच पहिल्या काही दिवसांत रक्तदाब घसरे, आणि ही घसरण विशेषतः भोवतालचे काही दिसेनासे केले असता होई. मांजराचे अनुमान माणसाला जसेच्या तसे लागू करणे उचित नव्हे. तथापि वार्धक्याने ज्याचे तोलेंद्रिय मंदावले, मोतीबिंदूने ज्याची दृष्टी धूसर झाली, लघवी वाढविणाऱ्या गोळीने आणि वैशाखातल्या उन्हाने ज्याच्या अंगातले पाणी आटले, अशा माणसाला अपरात्री काळोखात उठविणे म्हणजे त्याचे सारे आधार एकाच वेळी काढून घेणे होय, हे समजण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गावोगावच्या दवाखान्यांत साठी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब बसून किंवा निजून घेतल्यावर, उभे करून एका व तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा, आणि कागदावर त्यासाठी निराळा रकाना असावा. वरचा आकडा २० वा खालचा १० ने उतरला, तर तो विकार समजून औषधांची फेरतपासणी व्हावी. मात्र भोवळ येते म्हणून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, कारण चढलेला रक्तदाबही तितकाच घातक असतो. १९६९ पासून सेवाग्रामी वैद्यकीय महाविद्यालय नांदत असलेल्या आमच्या जिल्ह्याला हे अशक्य नाही. त्यास नवे यंत्र लागत नाही, तीन मिनिटांची सबुरी लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणाऱ्या मुलांनीही हे ध्यानी घ्यावे की, आईचे पाऊल कोठे पडते याची जबाबदारी तिच्या नेत्रांवरही असते.

आत्याच्या उशाशी आता चार्जिंगचा दिवा असतो. ती उठते, दिवा लावते, पाय खाली सोडून क्षणभर बसते, भिंतीला हात लावून उभी राहते, उंबरा नीट पाहते, आणि मग चालू लागते.