चौदा झाले, आता पुन्हा चौदा!

‘पूल येतो का?’ विचारलं, की आपल्यातला प्रत्येक जण ‘येतो की!’ म्हणतो. वीकेण्डला एट-बॉलचे दोन गेम, सोबत कोल्ड कॉफी... येतोच! पण स्ट्रेट पूल नावाचा एक जुना अमेरिकन प्रकार आहे. ही हवा तो पाच मिनिटांत काढतो.

नियम सोपे. कुठलाही बॉल, कुठलंही पॉकेट. फक्त आधी सांगायचं. एका बॉलला एक पॉइंट. चुकेपर्यंत टेबल तुमचं. 14 बॉल गेले, की पंधरावा तसाच ठेवून ते 14 पुन्हा रचायचे. मग तो पंधरावा पॉकेटमध्ये घालता घालता पांढऱ्या बॉलने नवा ढीग फोडायचा. म्हणजे दोघंही मोक्याच्या जागी हवेत. त्याची जुळवाजुळव आधीच्या काही शॉट्सपासूनच सुरू!

गंमत म्हणजे यात ‘वॉव’ शॉट फारसे नसतातच. चांगला खेळाडू अवघड शॉटची वेळच येऊ देत नाही. सगळं सोपं... पण शेकड्याने. मी कॅल्क्युलेटर काढला. शंभरातले 95 शॉट मारणाऱ्याला सलग 100 जमण्याची शक्यता एक टक्काही नाही. आणि 99 मारणाऱ्याला सलग 500? तेवढीच!

म्हणून विली मोस्कोनी ग्रेट. 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला, 8 फुटी टेबलावर, सलग 526. एक्झिबिशनमधला हा विक्रम 2019 पर्यंत टिकला. मग जॉन श्मिटने 9 फुटी टेबलावर 626 केले, तेही कित्येक महिने त्याच एका आकड्यामागे लागून. 2022 मध्ये जेसन शॉ 714 वर पोचला.

फ्रीलान्सर म्हणून मला हा खेळ जरा जास्तच झोंबतो. कव्हर स्टोरी लागली की दहा फोन येतात. पण घरभाडं निघतं ते दर आठवड्याला वेळेवर दिलेल्या साध्या कॉपीवर. तिला टाळ्या नाहीत. एकदा चुकली, की टेबल दुसऱ्याचं! तुमच्या ऑफिसात काही वेगळं आहे का हो?

या शनिवारी एट-बॉल राहू द्या. एकट्याने सलग 14 घालून बघा. माझा बेस्ट 9 आहे. दहा झाले तर कळवा... नाही, नकोच कळवू!